जळगावात उणे चाळीस

मे महिन्यात जळगावात दुपारी गाडीत बसणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही, स्टेअरिंगला रुमाल गुंडाळावा लागतो आणि सीटबेल्टचं बक्कल तर डागच देतं. तर अशाच एका दुपारी बाहेर ४४ डिग्री, मी गाडीत बसून मोबाईलवर गाडीचे बिघाड वाचणारं ॲप उघडलंय आणि ॲप सांगतंय की इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान उणे ४०. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, पण उणे ४०. बायकोला दाखवलं तर ती म्हणे, मग आज ए.सी. लावू नका, सर्दी होईल.

झालं असं होतं की अडावदकडे आमचं थोडं शेत आहे, केळी आहे, आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती म्हणून मी चार दिवस तिकडेच मुक्कामाला होतो. गाडी (१४ सालची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेत) सावली म्हणून शेडमध्ये लावली, आणि शेडच्या बाजूला गेल्या हंगामाचा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग. तेव्हा डोक्यात काही आलं नाही. पाचव्या दिवशी जळगावला निघालो, धानोऱ्यापर्यंत सगळं ठीक, विदगावच्या तापीच्या पुलावर आलो आणि डॅशबोर्डवर ती पिवळी इंजिनची लाईट लागली. सोबत रेडिएटरचा फॅन जो सुरू झाला तो थांबायचं नावच घेईना, घरी येऊन नुसती इग्निशन ऑन केली तरी भर्रर्र. पेट्रोलचा वासही येत होता थोडा.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली. नाव सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही, असली गॅरेजं गावोगाव आहेत. पोराने स्कॅनर लावला, स्क्रीनवर वाचलं, कूलंट टेम्परेचर सेन्सर सर्किट हाय. म्हणे, हाय आहे ना साहेब, म्हणजे गाडी गरम होऊन राहिली, म्हणून तर फॅन बंद होत नाही. थर्मोस्टॅट टाकावा लागेल, वॉटर पंप पण बघावा लागेल, सेन्सर पण बदलू, अकरा हजार पकडून चाला. मी म्हटलं अरे पण टेम्परेचरचा काटा तर एकदम खाली पडलेला आहे, वर हलतच नाही. त्यावर तो म्हणे, मग काटा पण गेला असेल.

तिथून मी गाडी काढली. म्हटलं जो माणूस काट्यालाच खोटं पाडतो त्याच्याकडे अकरा हजार द्यायचे नाहीत.

आता इथे जरा थांबून सांगतो, कारण हीच गोष्ट मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर माझे बरेच पैसे वाचले असते. कोडमध्ये, म्हणजे गाडी बिघाडाचा जो नंबर दाखवते त्यात, जे ‘हाय’ लिहिलेलं असतं ते तापमानाचं नाही, व्होल्टेजचं असतं. आपल्याकडच्या माणसाला ड्रिपवरून लगेच समजेल बघा. मेन लाईनवर प्रेशर गेज आहे आणि टोकाला कॉक आहे. कॉक जितका उघडाल तितकं पाणी पळेल आणि गेजवरचं प्रेशर उतरेल, कॉक बंद केला की गेज फुल्ल. कूलंटचा सेन्सर म्हणजे असा कॉक जो गरम झाला की आपोआप उघडतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ५ व्होल्ट पाठवतो, इंजिन गरम असलं की सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं, इंजिन गार असलं की व्होल्टेज चढं राहतं. मग वायरच तुटली तर? कॉक कायमचा बंद. गेज फुल्ल, पूर्ण ५ व्होल्ट. ईसीयूच्या हिशोबात ५ व्होल्ट म्हणजे जितकी थंडी मोजता येते तितकी सगळी, आणि बहुतेक गाड्यांत तो आकडा उणे ४० असतो. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही सारखेच येतात, मुलाच्या शाळेतल्या प्रश्नमंजुषेत विचारलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामी आलं.)

म्हणजे ‘सर्किट हाय’चा अर्थ गाडी तापली असा नाही, उलट ईसीयूला वाटतंय आपण सायबेरियात आहोत. आणि फॅन का फिरत होता? तर ईसीयू अगदीच भोळा नसतो, त्याला कळतं की हा आकडा शक्यच नाही, मग खरं तापमान माहीत नाही तर इंजिन जळण्यापेक्षा फॅन फिरलेला बरा म्हणून तो फॅन चालूच ठेवतो. सगळ्या गाड्या असं करतात असं नाही पण बऱ्याच करतात.

मी ब्लूटूथचा छोटा ॲडाप्टर ऑनलाईन मागवलेला होता, ईएलएम ३२७ म्हणतात त्याला, ६५० रुपयाला पडला होता. आपल्याकडे पॅसेंजर गाड्यांना ओबीडी २ (गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये सांगायची पद्धत) एप्रिल २०१३ पासून आलं, म्हणजे त्यानंतरच्या गाडीत स्टेअरिंगखाली हा ॲडाप्टर लावायची १६ पिनची सॉकेट असतेच, टॉर्च मारून बघा, कधी कधी प्लास्टिकच्या झाकणामागे असते. ॲप पण फुकट मिळतात, टॉर्क आहे, कार स्कॅनर आहे. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथवाला घ्यायच्या आधी जरा विचारून घ्या, साधा ब्लूटूथ चालत नाही त्यांना, बीएलई (कमी बॅटरी खाणारा ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो. आणि काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटला चोवीस तास बॅटरीची लाईन असते, आमच्या शेजाऱ्याने लग्नाला जाताना तसाच लावून ठेवला होता, आठ दिवसांनी येऊन बघतो तर गाडी सुरूच होईना.

तर ॲपमध्ये दोन कोड होते, पी०११८ आणि पी०११३. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी, ब्रेक-एबीएस वगैरे, यू म्हणजे कॉम्प्युटर आपसात बोलेनासे झाले. पुढचा ० असला तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असला तर त्या कंपनीचा स्वतःचा, तो गूगल करताना गाडीचं नाव टाकून करा नाहीतर भलतंच वाचाल. त्यापुढचा आकडा खातं सांगतो, १ म्हणजे हवा-पेट्रोलचं माप, ३ म्हणजे स्पार्क आणि मिसफायर, ४ म्हणजे धूर-प्रदूषणाचं. बाकी पाठ करायची गरज नाही.

०११८ कूलंटचा सेन्सर, ०११३ आत येणाऱ्या हवेचा सेन्सर. दोघंही हाय, दोघंही उणे ४०. मी काय केलं असतं? खरं सांगतो, दोन्ही सेन्सर ऑनलाईन मागवले असते. कार्टमध्ये टाकून पण झाले होते. पण आधी जिभाऊंना फोन केला.

जिभाऊ म्हणजे अजिंठा चौफुलीकडे बसणारे ऑटो इलेक्ट्रिशियन, मूळ अमळनेरकडचे, वय साठीच्या पुढे, ट्रकच्या डायनामोपासून सुरुवात केलेला माणूस. सगळे त्यांना जिभाऊच म्हणतात. दुकान कसलं, एक टपरी, एक बॅटरी चार्जर आणि एक जुना मल्टिमीटर ज्याच्या डिस्प्लेला तडा आहे. मी गेलो, बोनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘काय व्हयनं भाऊ?’

‘दोन सेन्सर गेले जिभाऊ. कूलंटचा आणि हवेचा.’

‘दोन्ही? एकच दिनले?’

‘हो ना.’

‘घरमा दोन बल्ब एकदम बंद पडनात ते तू बल्ब लेवाले जास का फ्यूज देखस?’

बस, तिथेच माझी हुशारी संपली. इतकी साधी गोष्ट आहे, दोन चांगले पार्ट एकाच मिनिटाला मरत नाहीत, दोघांत काय कॉमन आहे ते शोधा. माझ्या गाडीत या दोन सेन्सरची ग्राउंडची (करंट परत नेणारी) वायर एकच आहे, पुढे जाऊन एका जॉइंटवर फाटा फुटतो.

तरी त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही, करून दाखवलं. इग्निशन बंद करून कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढला आणि आधी सेन्सरचाच रेझिस्टन्स मोजला, मीटरवर साधारण एक किलोओहम आला. असा सेन्सर २० डिग्रीला दोन-अडीच किलोओहम आणि ८० डिग्रीला तीनशे-साडेतीनशे ओहम दाखवतो, त्यामुळे चाळीस-बेचाळीसला एक किलो म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग कनेक्टरच्या दोन्ही पिना एका वायरच्या तुकड्याने आपसात जोडल्या, इग्निशन ऑन केली आणि मला म्हणे, मोबाईल देख. वायर चांगली असती तर आकडा उणे ४० वरून उडी मारून एकशेतीसच्या वर गेला असता, कारण पिना जोडल्या म्हणजे कॉक पूर्ण उघडला. पण आकडा जागचा हलला नाही, उणे ४० म्हणजे उणे ४०. मग एक पिन तिथेच ठेवून दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि लगेच आकडा वर गेला. म्हणजे ५ व्होल्टची वायर चांगली, ईसीयू चांगला, सेन्सर चांगला, ग्राउंडची वायर तुटलेली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली, त्यात चहावाला पोरगा येऊन गेला ती धरून.

(हे पिना जोडायचं काम फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरवर करायचं हं. तीन वायरच्या सेन्सरवर केलं तर तिसरीच भानगड होईल, आणि पिवळ्या कनेक्टरला, म्हणजे एअरबॅगच्या, तर हातच लावू नका.)

मग वायरिंग चाचपडत गेले. बॅटरीच्या मागे जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) वळतो तिथे काळी जाळी फाटलेली, आत वायरीचं प्लास्टिक बारीक बारीक कुरतडलेलं, एक वायर पूर्ण तुटलेली, दुसऱ्या दोन उघड्या पडलेल्या. आणि एअर फिल्टरच्या डब्यावर छान गादी, कापसाची, केळीच्या वाळल्या पानांचे तुकडे मिसळलेली, बोनेटच्या खालचा फोम ओरबाडून वर पांघरूण. जिभाऊ म्हणे, ‘देख, उंदीरनी संसार मांडेल शे.’

मला एकच गोष्ट समजेना की उंदराने वायर शेतात खाल्ली तर लाईट पुलावर का लागली, अर्धा रस्ता तर गाडी मस्त आली होती. त्याचं उत्तर ॲपमध्येच होतं. कोड पडला त्या क्षणाचा फोटो ईसीयू काढून ठेवतो, फ्रीज फ्रेम म्हणतात, त्यात स्पीड, आरपीएम, लोड, तापमान सगळं असतं. माझ्यात स्पीड ३८, आरपीएम सोळाशेच्या आसपास. म्हणजे शेतात वायर पूर्ण तुटलीच नव्हती, दोन-चार बारीक तारांवर लोंबकळत होती, आणि पुलाच्या जॉइंटवर जो धक्का बसला त्याला तेवढ्याही गेल्या. गॅरेजच्या पोराने कोड डिलीट केला असता तर हे पण पुसलं गेलं असतं. म्हणून सांगतो, काहीही क्लिअर करायच्या आधी कोडचा आणि फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याच्या आदल्या वर्षी एकाने माझ्याकडून ५०० रुपये घेऊन ‘लाईट घालवून दिली’ होती, दोन दिवसांनी परत आली, आता कळतं की त्याने फक्त ईसीयूच्या वहीतलं पान फाडलं होतं.

जिभाऊंनी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), मग नवी जाळी. काळी टेप एकटी नको म्हणतात ते, आपल्या उन्हात बोनेटखाली टेपचा गोंद वितळून महिन्याभरात पट्टी लोंबते, मग हिवाळ्यात धुकं-पाणी आत. चारशे रुपये घेतले. अकरा हजार कुठे.

या प्रकरणानंतर मी घरात ‘कोडवाला’ झालो, ही एक वेगळीच आफत. धुळ्याचा मावसभाऊ रात्री साडेनऊला फोन करतो, दादा गाडी सिग्नलला थरथरते आणि लाईट उघडझाप करून राहिली, मी पारोळ्याहून अशीच चालवत आलो. मी म्हटलं आधी बंद कर गाडी! स्थिर पिवळी लाईट म्हणजे सवडीने बघ, पण उघडझाप म्हणजे एखादा सिलिंडर पेट्रोल न जाळता तसंच सायलेन्सरकडे ढकलतोय, आणि ते पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते. तो पार्ट गाडीतल्या सगळ्यात महागांपैकी. कोड होता पी०३०२, दोन नंबर सिलिंडर मिसफायर. त्याला गॅरेजवाल्याने सांगितलं होतं चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या), चारही प्लग, इंजेक्टर क्लीनिंग, सगळं करू.

व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून एकच काम करून घेतलं. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लाव, तीनची दोनवर, कोड क्लिअर कर, गाडी पाच मिनिटं चालू ठेव, लाईट उघडझाप करायला लागली की लगेच बंद कर. आता पी०३०३ आला. दुखणं कॉइलबरोबर सरकलं म्हणजे कॉइलच गेलेली, एकच बदलायची. सरकलं नसतं तर प्लग असाच सरकवून बघायचा, मग इंजेक्टर, आणि तरी नाही सापडलं तर कॉम्प्रेशन, ते मग घरचं काम नाही. प्लग मात्र चारही बदलायला लावले, कारण पन्नास हजारांवर चालले होते आणि घासलेल्या प्लगची गॅप वाढते, त्या गॅपमधून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो, नवी कॉइल पण तशीच गेली असती. मावसभाऊ आता सगळ्या धुळ्याला कॉइल सरकवायला सांगतो.

भुसावळचा एक मित्र आहे रेल्वेत, त्याची केस जास्त अवघड होती. पी०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी हवा जास्त. गॅरेजने सांगितलं ऑक्सिजन सेन्सर टाका. अरे, ऑक्सिजन सेन्सरच तर चहाडी सांगतोय की पेट्रोल कमी पडतंय, चहाडी सांगणाऱ्यालाच फाशी? अशा वेळी ॲपमध्ये फ्युएल ट्रिम बघायची. ईसीयूने आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवून द्यावं लागतंय त्याचा तो आकडा. त्याच्या गाडीत उभ्या गाडीला लाँग टर्म ट्रिम अधिक ५-६, काही विशेष नाही. पण साकेगावच्या पुढे हायवेला ८० ला गेलो की अधिक २३. म्हणजे मागणी वाढली की पुरवठा कमी पडतो, हे टाकीतल्या पंपाचं किंवा त्याच्या जाळीचं लक्षण. उलट उभ्या गाडीला आकडा मोठा आणि रेस केल्यावर कमी झाला असता तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय असा संशय घ्यायचा. टाकी उघडली तर पंपाची जाळी चिखलाने माखलेली, हा गडी कायम रिझर्व्हला गाडी चालवणारा. जाळी बदलली, ट्रिम खाली.

हां, आणि अधिक पाच-सहा बघून घाबरायचं नाही हे पण सांगतो, कारण पेट्रोल पंपावर आता ई२० मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, जुन्या गाडीचा ईसीयू ते ट्रिममधून भरून काढतो. आपण मका विकतो तो इथेनॉलला जातो आणि परत आपल्याच ट्रिममध्ये दिसतो.

डिझेलवाल्या बीएस ६ बद्दल मी जास्त बोलत नाही, माझी नाही. फक्त शालकाच्या गाडीत पी२४६३ आला होता, डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचली, कारण गाडी घर ते दुकान, दुकान ते घर, दीड किलोमीटर. त्याला कंपनीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हायवेला नशिराबादकडे एका स्पीडला वीस-पंचवीस मिनिटं पळवायला लावली. गेला. वेळेत पळवली म्हणून गेला, फार साचल्यावर असं जात नाही, मग सर्व्हिस सेंटरच.

परत माझ्या गाडीवर येतो. वायर जोडल्यावर घरी येताना ॲप चालूच ठेवलं होतं. कूलंट ८८, ९३, ९६, फॅन लागला, ९१, फॅन बंद. इतकं बरं वाटलं ना तो फॅन बंद झालेला ऐकून! हवेचा आकडा इच्छादेवी चौकात ट्रॅफिकमध्ये ५१. बायको म्हणे, आता लावा ए.सी.

उंदरावर मी सगळं करून बघितलंय. डांबर गोळ्या, तंबाखूची भुकटी, फिनेल, एक ते पिक पिक वाजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र पण आणलं, आठशे रुपयाचं. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्याला कुरतडावंच लागतं, त्याचा पण इलाज नाही. जिभाऊंनी सांगितलं तेवढं करतो, शेतावर गाडी पऱ्हाटीपासून लांब उघड्यावर लावतो, मग ऊन लागू दे नाहीतर काही, आणि निघायच्या आधी बोनेट उघडून बघतो.

परवाच्या रविवारी उघडलं. वायरी सगळ्या ठीक. एअर फिल्टरच्या डब्यावर भुईमुगाची टरफलं, चार-पाच, ताजी.